नानांचं ‘हरलो’

पंचांनी शिट्टी तोंडाला लावायच्या आधीच नाना म्हणायचे, “हरलो.” ओरडून नाही आणि पुटपुटूनही नाही, बसमध्ये शेवटचा माणूस चढला की ड्रायव्हर ‘चला’ म्हणतो, तसं. समोरचा संघ तगडा असो की नवखा, आमचे सातही गडी धडधाकट असोत की दोघांच्या बोटांना पट्ट्या असोत, नानांचा निकाल ठरलेला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून म्हणाले होते, “अहो, निदान नाणेफेक तरी होऊ द्या!” त्यांनी माझ्याकडे अगदी आदराने पाहिलं. “होऊ द्या की, वहिनी,” ते म्हणाले, “ती पण हरणार.”

नाना रोह्याच्या पलीकडच्या एका वाडीतले. उंच, हडकुळे, मिशा अजून काळ्या कशा याचं उत्तर फक्त त्यांना आणि कामगारांच्या कॅम्पातल्या न्हाव्याला ठाऊक. उभी हयात दुबईत स्टाफ-बस चालवण्यात गेलेली. पहाटे कामगारांना साइटवर सोडायचं, संध्याकाळी घामेजलेल्या माणसांना परत आणायचं. रविवारी मात्र एका गाववाल्याची मिनीबस मागून आणायची आणि कबड्डीच्या पोरांना त्यात भरायचं. पोरं म्हणजे बहुतेक रायगड-रत्नागिरीकडची, कोणी प्लंबर, कोणी स्टील-फिक्सर, कोणी गोदामात. त्यांच्यात इथे जन्मलेली दोन-तीन मुलंही होती आणि त्यातला एक माझा अर्णव. तो उजव्या कोपऱ्यात खेळायचा. घरात सगळं मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, अशा जातीचा.

मी स्वतः जुनी कबड्डीवाली. कॉलेजच्या संघात होते, गुडघ्यांवर अजून त्याच्या खुणा आहेत. पुढे एका मालवाहतूक कंपनीत चिकटले, दुबईतल्या अल बर्शात संसार थाटला, नवरा मिळाला तो क्रिकेटवाला. त्यामुळे चढाई-पकडीवर तोंडभर बोलायला मला मिळालं ते थेट या मंडळींतच. सराव आमच्या बिल्डिंगमागच्या शाळेच्या हॉलमध्ये चालायचा आणि तो संपला की सगळे समोरच्या कॅफेटेरियाबाहेर खुर्च्या ओढून बसायचे. तिथे इथल्या कडक ‘करक’ चहाच्या कागदी कपांभोवती जे भांडण चालायचं, त्यापुढे आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा म्हणजे हळदीकुंकू. मी तिथली एकुलती एक बाई. सगळ्यांची वहिनी.

भांडणाचे दोन खांब होते. एका बाजूला दळवी, टॉवर क्रेनवर बसणारा, कायम वरून खाली बघायची सवय लागलेला आशावादी. त्याच्या मते दर वर्षी कप आपलाच असायचा. “यंदाची टीम बघा ना! डिफेन्स एकदम टाइट, रेडर दोन-दोन. इस बार खलास करणार सगळ्यांना, इन्शाल्ला!” दुसऱ्या बाजूला नाना आणि त्यांचा नन्नाचा पाढा. अमुक चढाईपटू? “दमाला कच्चा.” तमुक? “चांगला आहे, पण त्याला माहितीये की तो चांगला आहे. बसवा त्याला.” आणि माझा अर्णव? “एसीतलं रोप आहे ते. पान हिरवंगार, मुळाला जोर नाही.”

हे मी ऐकून घेणं शक्यच नव्हतं. “नाना, माझ्या पोराने मागच्या सामन्यात चार पकडी केल्या! तुमचे डोळे कुठे होते?” अर्णवने माझा हात धरला, “मॉम, रिलॅक्स. ही इज जस्ट बीइंग नाना.” नाना मात्र शांतपणे चहा फुंकत राहिले. मग कप खाली ठेवून म्हणाले, “वहिनी, चांगलं बोललं की नजर लागते. वाईट बोललं तर काय लागणार? मी कधी कोणाला ‘छान’ म्हटलं ना, तर समजा त्याचं काही खरं नाही.” मी घरी जाईपर्यंत धुमसत होते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे सामना रंगात आला की पाठ फिरवायची. शेवटची काही मिनिटं राहिली, गुणफलक हलायला लागला की नाना मॅटकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचे. मग मागून विचारणं सुरू. “गेला का? कोण आहे समोर? परत आला का?” मी वैतागून म्हणायचे, “वळा ना, बघा ना!” ते मान हलवायचे. एकदा म्हणाले होते, “चढाईला सगळेच जातात हो. परत येताना बघवत नाही.” तेव्हा मला ते त्यांच्या नेहमीच्या किरकिरीतलंच एक वाटलं.

आणि तरीही त्या ‘हरलो’ची सवय झाली, एवढंच नाही, त्याचं व्यसन लागलं. झालं असं की एका रविवारी नाना दुसऱ्या बसच्या ड्युटीवर अडकले, रस्त्यात ट्रॅफिक, आणि संघ त्यांच्याशिवाय मॅटवर उतरला. ज्या संघाला आम्ही दर वर्षी लोळवायचो, त्यांनी आम्हाला लोळवलं. पोरांनी हार कोणाच्या माथी मारली? ना पंचांच्या, ना कप्तानाच्या. “आज नाना ‘हरलो’ बोललेच नाहीत!” त्यानंतर रिवाजच पडला. आमचे सात जण मॅटच्या कडेला ओळीने उभे राहायचे, नानांकडे बघायचे, नाना ‘हरलो’ म्हणायचे, मग मॅटला हात लावून छातीला लावायचा आणि आत. पंच “यल्ला, यल्ला!” करून घाई करायचे, पण शब्द कानावर पडल्याशिवाय एकाचंही पाऊल उचलायचं नाही. शिकलेली, मोबाइलवर जग बघणारी पोरं ही. माझा अर्णव त्यात सगळ्यात पुढे. मी नाक मुरडायचे आणि नानांनी शब्द उच्चारेपर्यंत श्वास रोखून धरायचे.

मग संकेत आला.

दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिस भागात एका टॉवरचं काम चालू होतं, तिथे परांची बांधायच्या गँगमध्ये तो नवा लागला होता. कोणीतरी त्याला सरावाला घेऊन आलं. बारीक चणीचा, लाजाळू, नाव विचारलं तर जमिनीकडे बघून सांगणारा. कप्तानाने गंमत म्हणून एक चढाई करायला सांगितली. पोरगं मध्यरेषा ओलांडून गेलं आणि आमच्या डोळ्यांदेखत भलतंच कोणीतरी झालं. डावीकडे झुकलं, उजवीकडे निसटलं, अर्णवच्या हाताला बोटांनी स्पर्श केला आणि तो काय झालं हे समजेपर्यंत परत आपल्या बाजूला उभं. दळवीने डोक्याला हात लावला. “अरे बाप रे! हबीबी, हा कुठे लपला होता?”

इतक्यात नाना पार्किंग करून आत आले. त्यांनी संकेतला पाहिलं, संकेतने त्यांना. पोराचा चेहरा पडला. नाना कोणाशी न बोलता तसेच बाहेर गेले आणि बसमध्ये जाऊन बसले. “मामा आहेत माझे,” संकेत हळूच म्हणाला. “त्यांनीच व्हिसा काढला. त्यांना सांगितलं नव्हतं.”

त्या दिवसापासून कॅफेटेरियाबाहेरच्या भांडणाची चव बदलली. आधी ते मजेचं होतं, आता त्यात काहीतरी टोचायला लागलं. दळवी आणि बाकीचे म्हणत, संकेतला घ्या, पहिल्या सातात घ्या, असा चढाईपटू या देशात दुसरा नाही. नाना म्हणत, नको. का नको? एका रविवारी म्हणाले, वजन कमी आहे. दुसऱ्या रविवारी म्हणाले, मातीवर खेळलेला आहे, मॅटवर पाय घसरेल. तिसऱ्या खेपेला म्हणाले, त्याला शिस्त नाही. इतक्या सबबी नानांनी कधी दिल्या नव्हत्या. दळवी एकदा उखडलाच, “नाना, अपना भांजा है म्हणून जळता काय?” नाना उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेले. कप्तान बिचारा नानांना मानणारा. त्याने संकेतला राखीव ठेवलं आणि संघ धडपडत, ठेचकाळत, एकेका गुणाने सामने काढत पुढे सरकत राहिला.

शारजाहून एका सामन्यानंतर परतताना मी मुद्दाम बसमध्ये पुढच्या सीटवर बसले. पोरं मागे गाण्यांत दंग होती. मी सरळ विचारलं, “नाना, खरं काय ते सांगा. हे वजन-बिजन सोडा.” त्यांनी आरशातून मागच्या पोरांकडे पाहिलं.

“वहिनी, मी डावा कोपरा होतो,” ते म्हणाले. “आमच्या तालुक्यात माझ्यासारखा पट काढणारा नव्हता. घोटा हातात आला की सुटायचा नाही. संकेतचा बाप चढाईपटू. माझ्या बहिणीचा नवरा तो, पण संघ वेगळा. एका सामन्यात तो आला बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकायला, मी घोटा धरला. तो फिरला, मी सोडला नाही. गुडघ्याचा आवाज मी ऐकला, वहिनी.” त्यांनी गिअर बदलला. “तो माणूस पुन्हा वजन उचलू शकला नाही. बहिणीने मच्छी विकून घर ओढलं. मला एका शब्दाने बोलली नाही कधी. फक्त पोराला माझ्या हवाली करताना म्हणाली, दादा, त्याला तिकडे काहीही करू दे, कबड्डी नको. मी हो म्हटलं. आता सांगा. प्रोबेशनवर आहे तो. परांचीवर चढायचं काम. पाय गेला तर कंपनी काय करेल? खलास, परतीचं तिकीट हातात.”

“मग त्याला स्पष्ट सांगा ना, खेळू नको म्हणून.”

“सांगितलं. म्हणाला, मामा, दिवसभर मी पाइप चढवतो आणि उतरवतो. आठवड्यातून एक तास मी मी असतो. तो पण नको? ... त्याला काय सांगू?”

त्या माणसाबद्दल मनात इतके दिवस साठवलेली चीड कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी एक भीती येऊन बसली, जी आधी फक्त त्यांची होती. पुढे सरावात संकेत चढाईला गेला की माझेही डोळे त्याच्या पायांवर खिळायचे. अर्णवच्याही.

अंतिम सामना खोर फक्कानला होता. जानेवारीतली स्वच्छ दुपार, डोंगर पोखरून काढलेले बोगदे एकामागून एक मागे पडत होते आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर समोर समुद्र. बंदरावरच्या क्रेन दिसल्या तशी दळवीने खिडकीला नाक लावलं. बाकी कोणाचं समुद्राकडे लक्ष नव्हतं. कारण निघायच्या आधीच बातमी आली होती. आमचा मुख्य चढाईपटू गोदामात कामाला होता, त्याची ड्युटी अचानक बदलली आणि सुपरवायझरने सुट्टी नाकारली. कप्तानाने नानांच्या समोर, पण नानांकडे न बघता जाहीर केलं होतं, “आज संकेत खेळेल.” नानांनी बसची चावी फिरवली. एवढंच.

हॉल खचाखच भरला होता. समोर मंगळुरूकडच्या पोरांचा संघ, गेल्या वर्षीचा विजेता. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक उंच, लांब हातांचा गडी, सराव करताना पुन्हापुन्हा घोटा धरायला वाकत होता. आयोजकांनी कॅमेरे लावले होते, सामना मोबाइलवर सगळीकडे दिसणार होता. आमचे सात जण शेंदरी जर्सीत मॅटच्या कडेला ओळीने उभे राहिले. संकेत सगळ्यात शेवटी. सगळ्यांनी माना वळवून नानांकडे पाहिलं.

नाना बोलले नाहीत.

पंचांनी शिट्टी वाजवली. कोणी हललं नाही. दुसरी शिट्टी. “नाना,” दळवी कळवळून म्हणाला, “एक शब्द बोला ना, प्लीज. हबीबी, हात जोडतो.” नानांचे ओठ घट्ट मिटलेले. संकेत त्यांच्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत हट्ट नव्हता, फक्त विनवणी होती. ‘हरलो’ म्हणणं म्हणजे आता जा म्हणणं होतं, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. पंच हातवारे करत आमच्या कप्तानापाशी आले. “टू मिनिट्स. देन यू फॉरफिट.” दोन मिनिटांत उतरलो नाही तर सामना त्यांचा. नाना वळले आणि दाराबाहेर निघून गेले. मी त्यांच्या मागे धावले.

ते बसच्या सावलीत उभे राहून व्हिडिओ कॉल लावत होते. घाईत दोनदा भलत्याच नंबरला लागला. शेवटी स्क्रीनवर एका बाईचा चेहरा आला. मागे केवढा तरी गलका, पोरंटोरं, कोणाचा तरी खोकला.

“माई, ऐक,” नाना बहिणीला म्हणाले, “मी तुला शब्द दिला होता...”

“दादा, तू बाहेर काय करतोयस?” ती ओरडली. “ती पोरं तिकडे खांबासारखी उभी आहेत! सगळी वाडी बघतेय इथे मोबाइलवर!”

नानांनी फोन डोळ्यांजवळ धरला. “तुला... ठाऊक होतं?”

“आई आहे मी त्याची. तो तिकडे गेल्यावर महिनाभरातच व्हिडिओ कॉलवर त्याच्या कोपराची सालपटं बघितली. पाइपाने अशी सालं निघतात होय? लहानपणी तुझी बघितली, मग त्याच्या बापाची.” ती थांबली. तिचा आवाज खाली आला. “मी पण देवाला नको नकोच म्हणत होते रे. पण त्याचा चेहरा बघितलास तू? इथून गेल्यापासून पहिल्यांदा असा दिसतोय.”

मग फोन हलला आणि एका दाढीवाल्या माणसाचा चेहरा आला. नाना एकदम ताठ झाले. “भावोजी,” ते एवढंच म्हणाले.

“नाना, समोरचा डावा कोपरा कसा आहे?” त्या माणसाने विचारलं.

नानांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. “उंच आहे. घोटा धरतो. सोडणारा नाही.”

“मग संकेतला सांग, त्या बाजूने बोनस मागू नको. आणि धरलंच तर फिरू नको म्हणावं, सरळ रेषेकडे पड. मी फिरलो होतो.” तो किंचित हसला. “जा आता. तुझं ते काय असतं ते बोल आणि सोड पोराला.”

आम्ही आत पोहोचलो तेव्हा पंच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. नाना संकेतजवळ गेले, त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. तो मान हलवत राहिला. मग नाना आपल्या जागी आले, सात जणांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “हरलो.” आवाज फाटला त्यांचा. सातही हात मॅटला लागले. मला रडू आवरेना.

तो सामना मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. संकेतने पहिल्याच चढाईत दोघांना बाद केलं आणि दळवीने मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. मग त्यांनी अर्णवला बाद केलं, मग आमचे एकेक गडी जात राहिले, मग आम्ही पुन्हा उभे राहिलो. संकेत एकदाही डाव्या कोपऱ्याकडे गेला नाही. मध्यंतराला बरोबरी. शेवटी शेवटी ते दोन गुणांनी पुढे. नाना कधीच भिंतीकडे तोंड करून उभे होते. “गेला का?” “नाही, त्यांची चढाई आहे.” “कोण आहे आत?” “अर्णव आहे, नाना. धरलं! अर्णवने धरलं!” फरक एका गुणाचा. आणि शेवटची चढाई आमची.

संकेत गेला. नाना भिंतीवर तळहात टेकून उभे. “कुठे आहे?” “मध्ये.” “डावीकडे नको म्हणावं.” “नाही गेला. नाना, त्याने कव्हरवाल्याला शिवलं! परत फिरला!” आणि तेवढ्यात तो उंच गडी कोपऱ्यातून सूर मारून आला आणि त्याने संकेतचा घोटा पकडला. मी बोलायची थांबले. त्यावरूनच नानांना समजलं असणार, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते वळले. संकेत फिरला नाही. तो सरळ पडला, रेषेकडे. तो कव्हरवाला आणि आणखी एक जण त्याच्यावर कोसळले. त्या ढिगातून एक हात बाहेर आला, मध्यरेषेकडे सरकत राहिला, सरकत राहिला. रेषेला बोटं लागली असती तर तिघंही बाद होते आणि कप आमचा होता. शिट्टी वाजली. हात रेषेपासून लांब होता, वीतभर.

ढीग बाजूला झाला. संकेत तसाच पडून राहिला.

पंच काय ओरडले, कोण काय म्हणालं, मला माहीत नाही. नाना मॅटवर धावत होते, चपला घालून, जे एरवी कोणाला बाहेरचे बूट घालून मॅटवर पाऊल टाकू देत नसत. ते गुडघे टेकून बसले, दोन्ही हातांनी पोराचा पाय धरला. “वाक. सरळ कर. दुखतंय? खोटं बोलू नको. परत वाक.” संकेतने पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. तो रडत होता, पण दुखत होतं म्हणून नाही. “मामा, एवढुसं राहिलं,” तो म्हणाला. “एवढुसंच.”

नानांनी खिशातून फोन काढला. तो कॉल त्यांनी बंदच केला नव्हता. हरलेल्या संघाच्या मधोमध, समोरच्या संघाच्या नाचगाण्यात, हा माणूस फोन उंच धरून आनंदाने ओरडत होता, “हरलो! माई, हरलो गं! पाय शाबूत आहे! भावोजी, सरळ पडला बघा पोरगा! हरलो!” मंगळुरूची पोरं नाचायची थांबून बघायला लागली. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. दळवी एका कोपऱ्यात तोंड लपवून रडत होता, त्याला या प्रकाराचा संतापच आला. “अरे फायनल हरलो आपण! खुशी किस बात की?” नानांनी त्यालाच मिठी मारली.

परतीच्या वाटेवर बोगद्यांच्या अलीकडे नानांनी बस थांबवली, सगळ्यांना चहा पाजला आणि अर्णवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शेवटची पकड... ठीक होती.” मी कान टवकारले. “ठीक?” “ठीकच,” ते म्हणाले, आणि मिशीत हसले. त्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माझ्या पोराला अजून कुठे मिळालेलं नाही.

नाना गेल्या पावसाळ्यात कायमचे गावी गेले. वय झालं, कंपनीने व्हिसा वाढवला नाही. विमानतळावर सगळा संघ आला होता. संकेत तोवर गँगचा चार्जहँड, म्हणजे मुकादम झाला होता, रोज परांचीवर चढत होता आणि रविवारी मॅटवर. त्याने मामांची बॅग ट्रॉलीवर चढवली. मी म्हटलं, “नाना, जाता जाता एकदा तरी चांगलं बोला आमच्याबद्दल.” त्यांनी एकेकाकडे नजर फिरवली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. “नको,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे टिकायला हवेत मला.” आणि दारातून आत गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाठ फिरवणं त्यांना सवयीचं होतं. आमच्यातल्या कोणालाच ते जमलं नाही. शेवटच्या काचेपलीकडे ते दिसेनासे होईपर्यंत सगळे बघत उभे होतो.

नवीन हंगामाचा पहिला सामना आला. सात जण ओळीने उभे. संकेतने गावी फोन लावला, ठरल्याप्रमाणे. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. माईने उचलला, म्हणाली, मामा तुझ्या बाबांना घेऊन तालुक्याला गेलाय, डॉक्टरकडे, फोन घरीच विसरून. इकडे पंचांची शिट्टी. “यल्ला, यल्ला!” कोणी हललं नाही. दळवीने माझ्याकडे पाहिलं. मग कप्तानाने. मग संकेतने.

“मॉम,” अर्णव म्हणाला, “यू से इट.”

मी हसण्यावारी नेणार होते. मी शिकलेली बाई, खुळचटपणा म्हणून ज्याला नाक मुरडत आले तोच शब्द मी उच्चारायचा? पण माझं लक्ष अर्णवच्या घोट्यांकडे गेलं. समोरच्या संघाचा कोपऱ्यातला गडी घोटा धरायला वाकून सराव करत होता. माझा मुलगा तिकडे जाणार होता आणि मला त्याला अडवायचं होतं आणि अडवता येत नव्हतं. छान खेळ, जिंकून ये, असं काहीही म्हणायची माझी छाती होईना. नाना इतकी वर्षं त्या एका शब्दात काय भरत होते, ते मला तेव्हा कळलं.

“हरलो,” मी म्हटलं. जेमतेम मलाच ऐकू गेलं.

“लाउडर, आई,” अर्णव म्हणाला.

किती वर्षांनी त्याने मला आई म्हटलं होतं. मी दोन्ही डोळे पुसले आणि नानांसारखं, बसमध्ये शेवटचा माणूस चढल्यासारखं, म्हटलं, “हरलो.” सात हात मॅटला लागले, छातीला लागले, आणि पोरं आत गेली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.